"संदर्भ सोडून बोलताय" असे कोणी म्हटले की

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही देव मानत नाही. ऑफिसातल्या एका ख्रिस्ती सहकारी बाईंशी बोलता बोलता विषय धर्म आणि हिंसेवर गेला, आणि तुम्ही येशूच्या तोंडचे म्हणून बायबलमधले लूक १९:२७ काढलेत: माझ्या वैऱ्यांना इथे आणा आणि माझ्यासमोर ठार करा. बाई म्हणाल्या, "हे संदर्भ सोडून बोलणे झाले. आणि पवित्र आत्म्याशिवाय शास्त्र कळतही नाही." पुढच्याच आठवड्यात तुमच्या कामातली अडचण कानावर गेल्यावर त्यांनी तुम्हाला यिर्मया २९:११ पाठवले: तुमच्या भल्याचे बेत माझ्या मनात आहेत, तुम्हाला आशा आणि भविष्य द्यावे असे. तुमचे म्हणणे, त्यांनी एक ओळ उचलली तर तो आशीर्वाद आणि मी उचलली तर ती मोडतोड, हा कुठला न्याय? ज्या पुस्तकावर विश्वास नाही त्यातले वचन काढायचा मला हक्क आहे का? आणि अर्थ ठरवणार कोण?

मी २० वर्षांहून अधिक काळ बायबलची हिब्रू आणि ग्रीक शिकवते. श्रद्धा असलेले आणि नसलेले अशा दोघांना एका टेबलाशी बसवून वाचनाचे वर्गही घेते. स्वतः रविवारी चर्चला जाते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उत्तर वाचताना मी कुठे उभी आहे याचा अंदाज बांधत बसायला नको.

हक्क आहे. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लूकमधली ती ओळ तुम्ही ज्या कामाला लावलीत त्या कामाची ती नाही.

एकोणिसावा अध्याय काढा आणि सत्ताविसाव्या वचनावरून मागे मागे या. अकराव्या वचनाशी आलात की कळते, हा दाखला आहे, येशूने सांगितलेली बोधकथा. एक उमराव राजपद मिळवायला दूरच्या देशी निघतो, जाताना दहा चाकरांना दहा मोहरा देऊन जातो. त्याच्या नगरातल्या लोकांना तो डोळ्यांसमोर नको असतो. 'हा आमच्यावर राजा नको' असे सांगायला ते त्याच्या पाठोपाठ वकील धाडतात. तो राजा होऊनच परत येतो, चाकरांचा हिशोब घेतो आणि शेवटी त्या विरोधकांना आपल्यासमोर मारायला सांगतो. वाक्य गोष्टीतल्या राजाचे आहे. शिष्यांना दिलेली ती आज्ञा नाही.

ऐकणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटली असणार. इ.स.पू. ४ मध्ये हेरोद राजा मेला, तेव्हा त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य पदरात पाडून घ्यायला रोमला ऑगस्टसकडे गेला, आणि त्याला राजा करू नका असे विनवायला ५० यहूद्यांचे शिष्टमंडळही रोमला पोहोचले. योसेफस या इतिहासकाराने हे लिहून ठेवले आहे. अर्खेलावाचा वाडा यरीहोत होता, आणि लूकच्या मांडणीत हा दाखला येतो तोही यरीहोतल्या प्रसंगाला लागूनच. असा राजा त्या लोकांनी पाहिलेला होता.

तरी बाईंनी इथे हात झटकून मोकळे होऊ नये. चर्चच्या परंपरेत बहुतेकांनी या राजाच्या जागी येशूलाच पाहिले आहे, आणि त्या हुकमात शेवटचा न्याय. त्यामुळे 'येशू कत्तल करायला सांगतो' हा तुमचा आरोप पडतो, पण 'शेवटच्या न्यायाचे चित्र इतके रक्ताळलेले का' हा प्रश्न उभाच राहतो. हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि नुसते 'संदर्भ, संदर्भ' म्हणून तो टळत नाही.

आता यिर्मया. हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेमेतून जे लोक धरून नेले, त्यांना यिर्मयाने मागून लिहिलेले. पत्रात सांगितले काय आहे? घरे बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळे खा. मुलामुलींची लग्ने लावा. ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याचे भले मागा. आणि दहाव्या वचनात, म्हणजे बाईंनी पाठवलेल्या ओळीच्या अगदी डोक्यावर, मुदत आहे: सत्तर वर्षे. पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला बोटांवर हिशोब करता येत होता. परत जायचे ते नातवंडांनी, आपण नाही.

त्याच्या आधीचा, अठ्ठाविसावा अध्याय वाचला की आणखी एक गोष्ट दिसते. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत असतो, बाबेलची गुलामी अटळ आहे हे दाखवायला. हनन्या ते जू सगळ्यांसमोर त्याच्या मानेवरून काढून मोडतो आणि जाहीर करतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना कोणाचे बोलणे गोड लागले असेल ते सांगायला नको. तेव्हा 'काळजी करू नका, लवकरच सगळे ठीक होईल' असे सांगणारा माणूस या कथेत आहे खरा, पण तो हनन्या आहे. यिर्मयाचे पत्र अशाच बोलण्याविरुद्ध लिहिलेले आहे. आजकाल शुभेच्छापत्रांवर अकरावे वचन छापतात ते बहुधा हनन्याच्या सुरात.

असे होते याचे एक कारण अगदी छापखान्यातले आहे. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले, स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मपंडिताच्या नावावर असलेले. नव्या कराराच्या वचनांना आज आपण वापरतो ते क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये जिनिव्हात दिले. त्याआधी दीड हजार वर्षे कोणालाच 'लूक १९:२७' म्हणता येत नव्हते; गोष्ट सांगूनच त्या वाक्याशी जावे लागे. आकड्यांनी ओळ शोधणे सोपे केले आणि तीच ओळ सुटीही करून ठेवली. माझ्या वर्गात मी पहिल्या दिवशी एक अध्याय आकडे काढून, सलग परिच्छेदांत छापून देते. जन्मभर बायबल वाचलेली माणसेसुद्धा त्यात आपले आवडते वचन शोधताना अडखळतात.

इथवर वाचून वाटेल की नियम सोपा आहे: संदर्भ पाहा, अर्थ मिळेल, भांडण मिटेल. तसे होत नाही. कारण खुद्द बायबलच हा नियम पाळत नाही.

होशेय ११:१ मध्ये देव म्हणतो की इस्राएल लहान होता तेव्हा मी त्याच्यावर प्रेम केले आणि माझ्या पुत्राला मिसरातून बोलावले. हे भूतकाळाबद्दल आहे. लगेच पुढच्या वचनात तक्रार आहे की हे लोक बआलमूर्तींच्या मागे गेले. मत्तय २:१५ मात्र बाळ येशूला मिसरात नेऊन ठेवल्याची गोष्ट सांगताना हीच ओळ घेतो आणि म्हणतो, संदेष्ट्याचे वचन पूर्ण झाले. तुम्ही किंवा मी असे केले असते तर परीक्षकाने शेजारी लाल शेरा मारला असता. पण पहिल्या शतकातल्या यहुदी वाचकांची ही रुळलेली रीत होती. मृत समुद्राकाठच्या गुहांत १९४७ मध्ये सापडलेल्या गुंडाळ्यांत हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकावरचे एक भाष्य आहे. ते लिहिणारा हबक्कूकच्या काळातले खास्दी, म्हणजे बाबेलचे, सैन्य काढून तिथे सरळ स्वतःच्या काळातला शत्रू बसवतो. त्याच्या लेखी जुने वचन आज आपल्याशी बोलते, आणि ते आज काय बोलते तेच त्याला ऐकायचे असते.

बाईंनी यिर्मया पाठवला तो या रितीने. त्या बाबेलचा इतिहास सांगत नव्हत्या. तुमच्यासाठी प्रार्थना करत होत्या आणि तिला शब्द हवे होते. तुम्ही लूक काढलात तो पुरावा म्हणून. एकाच पुस्तकातल्या ओळी, पण एक प्रार्थनेच्या कामाला लावलेली, दुसरी खटल्याच्या. तुमच्या भांडणात 'संदर्भ' हा एकच शब्द दोन अर्थांनी फिरतो आहे, आणि ते दोघांच्याही लक्षात आलेले नाही.

माझ्या लेखी यातून एक शिस्त निघते. प्रार्थनेत वचन हवे तसे जवळ करा. तिथे तुमचा इतिहास तपासायला कोणी येणार नाही. पण वाद सुरू झाला, 'बायबल असे म्हणते, म्हणून तुम्ही असे वागा' किंवा 'बायबल असे म्हणते, म्हणून ते वाईट आहे' हे वाक्य आले, की वचन आपले गाव, काळ, बोलणारा आणि ऐकणारा यांना घेऊनच आले पाहिजे. गोड वचनालाही तोच नियम आणि कडू वचनालाही तोच. बहुतेक ख्रिस्ती लोक कडू वचनापुरताच संदर्भ मागतात. बहुतेक नास्तिक गोड वचनापुरता.

आणि संदर्भ मागणाऱ्याने तो दाखवायचा असतो. 'संदर्भ वेगळा आहे' एवढे म्हणून थांबणे म्हणजे 'माझ्याकडे साक्षीदार आहे' म्हणून त्याला कोर्टात हजरच न करणे. तो हजर झाला की काय बोलेल याची हमी कोणालाच नसते. कधी तो आरोपीला सोडवतो, कधी आणखी अडकवतो.

याचा मला माहीत असलेला सगळ्यात बोलका नमुना लेवीय या बायबलमधल्या नियमांच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आहे. त्यातल्या दहाव्या वचनात योबेल वर्षाची, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी येणाऱ्या मोकळिकीच्या वर्षाची, घोषणा आहे: देशातल्या सर्व रहिवाशांना मोकळीक जाहीर करा. फिलाडेल्फियातल्या प्रसिद्ध घंटेवर हेच वचन कोरलेले आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी लोकांनी ती घंटा आपले प्रतीक केली आणि तिला 'लिबर्टी बेल' हे नाव रूढ झाले ते त्यांच्यामुळे. आता त्याच अध्यायात खाली उतरा. चव्वेचाळीस ते सेहेचाळीस: तुमचे दास-दासी भोवतालच्या राष्ट्रांतून विकत घ्या, ते तुमची मालमत्ता होतील, मुलांना वारशात देता येतील, पण आपल्या इस्राएली भावावर मात्र कठोरपणे धनीपण गाजवू नका. इथे संदर्भ मदतीला येत नाही. उलट संपूर्ण अध्याय वाचल्यावर गाठ जास्त आवळते, कारण मोकळीक कोणाला आणि कोणाला नाही याची रेषा त्यात स्पष्ट ओढलेली दिसते.

गुलामगिरीच्या बाजूचे अमेरिकन पाद्री हीच वचने दाखवत, शिवाय पौल या प्रेषिताच्या पत्रातले इफिसकरांस ६:५ - दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा. विरोधी बाजू निर्गम २१:१६ दाखवे, माणूस चोरून विकणाऱ्याला मृत्युदंड. आणि अनुवाद २३:१५, पळून आलेल्या दासाला धन्याच्या स्वाधीन करू नका. (अनुवाद हे त्या पुस्तकाचे नाव आहे, भाषांतराशी त्याचा संबंध नाही; दर वर्षी वर्गात कोणीतरी विचारतेच.) दोन्हीकडे श्रद्धावान, दोन्हीकडे गुडघे टेकून प्रार्थना. १८४५ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही यावरून अमेरिकेतले बॅप्टिस्ट फुटले आणि दक्षिणेतल्यांनी वेगळी 'सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन' काढली. त्या संस्थेने गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली ती १९९५ मध्ये. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्येच आपल्या आत्मकथेच्या पुरवणीत लिहिले की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत त्याला प्रचंड अंतर दिसते. तो बाहेरचा टीकाकार नव्हता. पुस्तक त्यालाही पाठ होते.

सोयीचे ठेवून गैरसोयीचे काढणे ही क्रिया लोकांनी शब्दशः कात्रीनेही केली आहे. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले 'निवडक भाग' छापले गेले. त्यात इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटल्याची गोष्टच नाही. 'ना दास ना स्वतंत्र' हे गलतीकरांसच्या पत्रातले वचनही नाही. दुसरीकडे, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८२० च्या सुमारास वस्तऱ्याने शुभवर्तमाने (येशूच्या चरित्राची चार पुस्तके) कापली आणि येशूचा उपदेश तेवढा चिकटवून स्वतःसाठी एक वही केली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी असे चार स्तंभ शेजारी शेजारी. चमत्कार गेले, पुनरुत्थान गेले. येशूला कबरेत ठेवून दारावर धोंड लोटली की वही संपते. हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. मी दोन्हींची छायाचित्रे वर्गात शेजारी शेजारी ठेवते आणि काही बोलत नाही.

आता 'पवित्र आत्म्याशिवाय कळत नाही' याकडे. हे बाईंनी मनचे काढलेले नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, २:१४ मध्ये, पौल म्हणतो की आत्म्याच्या गोष्टी नैसर्गिक माणसाला मूर्खपणाच्या वाटतात. पण तिथे विषय वधस्तंभावर मेलेल्या ख्रिस्ताचा संदेश स्वीकारण्याचा आहे. कोण कोणाला काय म्हणाले, शब्दाचा अर्थ काय, हे कळायलाही आत्मा लागतो असा दावा त्यात मला तरी सापडत नाही. आणि तसा दावा केला तर मग १५२९ चे काय करायचे?

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या मार्बुर्गच्या किल्ल्यात मार्टिन ल्युथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. दोघेही सुधारणावादी, दोघांचेही म्हणणे की शास्त्र हाच अखेरचा आधार. प्रश्न एका वाक्याचा: प्रभुभोजनातल्या भाकरीबद्दल येशू म्हणाला 'हे माझे शरीर आहे', तर त्यातल्या 'आहे'चा अर्थ काय? ल्युथरने बोलणी सुरू होण्याआधीच ते वाक्य खडूने टेबलावर लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते. झ्विंग्लीने योहान ६:६३ काढले, देहापासून काही लाभ नाही. ल्युथर खडूच्या अक्षरांवर बोट ठेवून राहिला. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले आणि पंधरावे या एका 'आहे'पाशी अडकले. दोघांपैकी आत्मा कोणाकडे नव्हता, हे कोण सांगणार?

उलट बाजूचे उदाहरण तिसऱ्या शतकातले आहे. पोर्फिरी हा तत्त्वज्ञ ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक. दानिएलाचे पुस्तक स्वतःला बाबेलमधल्या बंदिवासाच्या काळात ठेवते. पोर्फिरी म्हणाला, हे त्या काळी लिहिलेलेच नाही, अंतियोख एपिफानेस या राजाने यहूद्यांचा छळ केला त्या वेळी, इ.स.पू. दुसऱ्या शतकात लिहिलेले आहे, म्हणून त्याची 'भाकिते' तिथपर्यंत अचूक आणि पुढे डळमळीत. त्याचे ग्रंथ पुढे सम्राटांच्या हुकमाने जाळले गेले. त्याचे म्हणणे आपल्यापर्यंत आले ते जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने दानिएलावरच्या आपल्या भाष्यात त्याला खोडून काढण्यासाठी उतरवून घेतले म्हणून. आज बहुसंख्य अभ्यासक, त्यांत कितीतरी ख्रिस्ती, दानिएलाच्या काळाबद्दल पोर्फिरीच्याच बाजूचे आहेत. शत्रूने वाचले म्हणून वाचन चुकत नाही. आणि आपल्या माणसाने वाचले म्हणून ते बरोबरही ठरत नाही. ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती आचार्याने उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकावरच्या भाष्यात स्वधर्मीयांनाच झापले आहे की आकाश, तारे, पृथ्वी यांबद्दल ज्या गोष्टी अश्रद्ध माणसालाही अनुभवाने ठाऊक असतात, त्यांवर शास्त्राचा हवाला देत भलतेच बोलून हसे करून घेऊ नका.

एवढे बाईंकडच्या बाजूचे. तुमच्या बाजूचा लाडका बाण म्हणजे लेवीय अकरा आणि एकोणीस: खवले नसलेले जलचर खाऊ नका, दोन प्रकारच्या धाग्यांचे कापड घालू नका. 'मग हे का पाळत नाही?' हा बाण बोथट आहे, कृपा करून टाकून द्या. ख्रिस्ती माणसाकडे त्याचे उत्तर दोन हजार वर्षे तयार आहे. प्रेषितांची कृत्ये १० मध्ये पेत्राला अशुद्ध प्राण्यांचा दृष्टांत होतो, आणि पंधराव्या अध्यायात यरुशलेमेतली सभा ठरवते की अन्य राष्ट्रीयांवर नियमशास्त्राचे ओझे लादायचे नाही. तुम्ही जिंकल्यासारखे वाक्य टाकता आणि समोरचा मनात म्हणतो, याने पुढचे पुस्तक उघडलेलेच नाही.

बाण लागतो तो वेगळ्या ठिकाणी. जो ख्रिस्ती माणूस लेवीयमधली बाकीची कलमे सोडून एखादे ठरावीक कलम दुसऱ्यावर उगारतो, त्याला विचारा की हे कुठल्या नियमाने उरले. तो म्हणेल, नैतिक नियम कायम आहेत, विधींचे नियम गेले. थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने तेराव्या शतकात नैतिक, विधीविषयक आणि न्यायविषयक अशी वाटणी नीट मांडली आहे, आणि ती काही पोरखेळ नाही. पण मूळ मजकुरात तशा खुणा नाहीत. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे लेवीय १९:१८ आहे आणि मिश्र कापडाचे कलम १९:१९. मध्ये रिकामी ओळसुद्धा नाही. शिवाय यरुशलेमेच्या त्याच सभेने ज्या मोजक्या गोष्टी वर्ज्य ठेवल्या त्यांत रक्त आणि गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आहे. त्या आज किती चर्चमध्ये कोणी विचारते? हा प्रश्न रास्त आहे, आणि प्रामाणिक ख्रिस्ती माणसाला तो आवडतोही.

विसंगतींच्या लांबलचक याद्यांवर मी फार वेळ घालवत नाही. मत्तयात यहूदा गळफास घेतो, कृत्यांत तो पडून त्याचे पोट फुटते; शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात देव दावीदाला शिरगणती करायला लावतो, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात सैतान. या गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या कोणाविरुद्ध पुरावा आहेत हे आधी पाहावे. १९७८ च्या शिकागो निवेदनाप्रमाणे बायबल सर्व बाबतींत निर्दोष मानणाऱ्याला त्या अडचणीच्या. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जे मांडले, ते तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवायचे होते त्याबद्दल बोलते. तसे मानणाऱ्याला त्या फारशा टोचत नाहीत. समोरचा कोणता ख्रिस्ती आहे हे न विचारता यादी वाचणे म्हणजे रोगी न तपासता औषध देणे. आणि नीतिसूत्रे २६:४ म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, लगेच २६:५ म्हणते दे. संकलन करणाऱ्याला दिसले नसेल असे वाटते का कोणाला?

तुमच्या बाजूच्या लोकांना फार प्रिय असलेल्या एका वचनाबद्दल सांगायला हवे. 'ज्याने पाप केले नाही त्याने पहिला दगड मारावा.' ढोंगी धार्मिकांना गप्प करायला नास्तिक ते हमखास वापरतात. योहान ७:५३ ते ८:११ हा सगळा प्रसंग चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही, त्याहून जुन्या पपायरसांतही नाही. माझे मत, गोष्ट जुनी आहे पण योहानाच्या पुस्तकातली नाही. म्हणून ती वापरू नका असे नाही. पण 'तुमच्या पुस्तकात मागाहून भर घातली आहे' असे सकाळी म्हणून संध्याकाळी हेच वचन फेकायचे, तर कोणी लक्षात आणून दिल्यावर रागावू नये.

मीही पकडली गेले आहे. एकदा वर्गात एका विद्यार्थ्याने कुठल्याशा चर्चच्या कारभारावर बरीच आग ओकली. मी, वातावरण निवावे म्हणून, मत्तय ७:१ टाकले: न्याय करू नका. मागच्या रांगेतली एक मुलगी, देव वगैरे न मानणारी, म्हणाली, "बाई, पुढे वाचू?" आणि तिने वाचले. पाचव्या वचनात येशू म्हणतो, आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल. ती म्हणाली, "म्हणजे कुसळ काढायचे आहेच ना?" सहावे वचन तिने न थांबता वाचले: पवित्र ते कुत्र्यांना घालू नका, मोती डुकरांपुढे टाकू नका. "आता कुत्रा कोण आणि डुक्कर कोण, हे न्याय न करता कसे ठरवणार?" वर्ग हसला. मी २० वर्षे शिकवत असलेले मी स्वतः केले नव्हते, आणि केले होते ते एका माणसाला गप्प बसवायला. मुलाचा राग रास्त होता की नव्हता, हे त्या दिवशी कोणी ऐकूनच घेतले नाही.

मत्तयाच्याच चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो: तो तुझ्यासाठी देवदूतांना आज्ञा देईल, खाली उडी टाक. वचन खरेच स्तोत्रातले आहे. येशू त्यावर 'तुला हक्क नाही' म्हणत नाही, 'तुला आत्मा नाही' असेही म्हणत नाही, आणि सैतानाबाबत ते म्हणायला जागा होती. तो म्हणतो, असेही लिहिले आहे, आणि अनुवादमधले दुसरे वचन शेजारी ठेवतो. बाईंना हा प्रसंग चांगला माहीत असेल. 'आत्म्याशिवाय कळत नाही' हे पुन्हा आले तर तो आठवण करून द्या, फक्त आपण त्यात कोणाच्या जागी आहोत हे हसत मान्य करून.

बाकी करायचे ते असे. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा आधी सांगा की लूकच्या बाबतीत त्यांचे बरोबर होते. हे मनापासून म्हणा, डाव म्हणून नको. यिर्मयासाठी आभार माना, आणि तिथेच थांबा. सांत्वनाचा हिशोब मागू नये. हनन्याची गोष्ट त्यांनी विचारली तर सांगा, नाही विचारली तर राहू द्या. मात्र त्याच वचनावरून त्या तुमच्याशी वाद घालू लागल्या, देव तुमची नोकरी वाचवणारच असे म्हणू लागल्या, तर अठ्ठाविसावा अध्याय उघडायला मागेपुढे पाहू नका.

आणि हिंसेबद्दलचा, माणसाला माणूस न मानण्याबद्दलचा तुमचा जो खरा प्रश्न आहे, त्यासाठी लेवीय पंचवीस घेऊन बसा. 'तुमचे पुस्तक असे म्हणते' अशी सुरुवात नको, 'तुम्ही हे कसे वाचता' असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. दहाव्या वचनापासून सेहेचाळिसाव्यापर्यंत, एका बैठकीत, आळीपाळीने, मोठ्याने. कोणाच्या वाट्याला कोणते वचन येईल ते आधी ठरवू नका.